दहापैकी तीन

चौतीस वर्षं मी पोरांना मार्क दिले. मला स्वतःला मार्क मिळायची वेळ सेवानिवृत्तीनंतर तीन वर्षांनी आली, तीही कपाशीच्या ओळीत उभं राहून दिलेल्या परीक्षेत, आणि मला दहापैकी तीन पडले. ही गोष्ट मी कोणाला सांगणार नव्हतो. पण आता ती माझ्या सहीनिशी आणि अकरा साक्षीदारांच्या सह्या-अंगठ्यांनिशी सरकारी फायलीत गेलेली असल्यामुळे झाकून ठेवण्यात काही अर्थ राहिलेला नाही.

मी गजानन सातोनकर, मुक्काम जालना, जिल्हा परिषदेच्या शाळांमधून विज्ञान शिकवून निवृत्त. जाफराबादच्या पुढे पिंपळखुट्याला आमची वडिलांपासूनची दोन एकर जमीन आहे. ती इतकी वर्षं बांधाशेजारचे काकासाहेब बटईनं करत आले. गेल्या वर्षी मी त्यांना सांगितलं की यंदा एक एकर मी स्वतः करणार, आणि औषधाचा एक थेंबही न फवारता करणार. काकासाहेबांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "आन् मंग किडीला काय सांगनार, सर?" मी म्हणालो, निसर्ग आपला समतोल आपण राखतो. हे वाक्य मी आठवीला पंचवीस वर्षं शिकवलं होतं आणि त्यावर कोणी कधी शंका काढली नव्हती.

कॉलनीत बातमी फुटल्यावर सल्ले सुरू झाले. एकाने शेतात आधी गेस्टरूम बांधा म्हणून सांगितलं. दुसऱ्याने चंदन लावा म्हटलं आणि चंदन चोरीला जाऊ नये म्हणून काय करावं हेही सांगितलं. समोरच्या राजानंदांनी सातबारा मागवून घेतला आणि चष्मा लावून अर्धा तास वाचला. राजानंद कोषागारातून निवृत्त झालेले. रस्त्यावरचा दिवा बंद पडला तर आम्ही लाइनमनला फोन करतो, ते माहितीच्या अधिकारात अर्ज करतात. दिवा दोन्ही प्रकारे तेवढ्याच दिवसांनी लागतो, पण त्यांच्याकडे कागद राहतो. त्यांचं म्हणणं पडलं की काहीही करा, पण लेखी करा.

माझी बायको निवेदिता हिने एवढंच विचारलं, "शिकवायला जाताय की शिकायला?" मी हसलो. तेव्हा मला तो प्रश्न विनोदी वाटला होता.

गावात कृषी खात्याची शेतीशाळा चालते हे काकासाहेबांनीच सांगितलं. दर मंगळवारी मारुतीच्या पारावर जमायचं आणि मग कोणाच्या तरी शेतात जायचं. घेणाऱ्या कृषी सहायक शीतल मॅडम, वयानं माझ्या मुलापेक्षा, अद्वैतपेक्षा, लहान. शिकणारे पंचवीस, त्यांत वीस बाया. मी पहिल्या मंगळवारी गेलो तो खिशात 'पर्यावरण आणि आपण' या विषयावरच्या भाषणाची चार पानं घेऊन. एवढा जुना विज्ञान शिक्षक आलेला पाहून दोन शब्द बोला म्हणतीलच, असा माझा अंदाज. मॅडमनी मला चौदा नंबर दिला आणि ताडपत्रीवर बसायला सांगितलं.

मग परीक्षा निघाली. शिकवायच्या आधी परीक्षा हा प्रकार मला नवीन होता. शेतात दहा काठ्या रोवल्या होत्या. प्रत्येक काठीला लाल दोरा, दोऱ्याचं दुसरं टोक एका पानाला, आणि पानावरचा किडा पळू नये म्हणून त्यावर मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी. काठीच्या बुडाशी बिस्किटांचे तीन रिकामे डबे, झाकणाला चीर पाडलेली. एकावर हसरा चेहरा, दुसऱ्यावर रागीट, तिसऱ्यावर नुसतंच तोंड. पानावरचा जीव पिकाचा मित्र, शत्रू, की कोणीच नाही, हे ठरवून आपल्या नंबरची चिठ्ठी त्या त्या डब्यात टाकायची. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही ही परीक्षा देता येते, असं मॅडम म्हणाल्या. त्या वेळी मला ते या परीक्षेचं वैगुण्य वाटलं.

चौथ्या काठीला एक काळपट अळी होती. अंगावर नारिंगी ठिपके, पाठीवर काट्यासारखे केस, आणि एकूण चेहरेपट्टी अत्यंत दुष्ट. माझ्यापुढे चाळिशीच्या एक बाई विचार करत उभ्या होत्या. परीक्षेच्या हॉलमध्ये बोलू नये हे मला कळतं, पण अडलेल्याला बघून माझ्याच्यानं राहवत नाही. मी हळूच म्हणालो, "बाई, अळी म्हणजे शत्रू. पानं खाते."

"हो का, सर?" त्या म्हणाल्या, आणि चिठ्ठी हसऱ्या डब्यात टाकून पुढं गेल्या. मला वाईट वाटलं. माझ्यामागच्या चार जणींनी मात्र माझं ऐकलं.

निकाल पारावर मोठ्यानं वाचून दाखवला. सर्वांत जास्त नऊ, त्या चौथ्या काठीवरच्या बाईंना. त्यांचं नाव द्वारकाबाई. सर्वांत कमी तीन, नंबर चौदा. मग काकासाहेबांनी टाळी वाजवली. प्रत्येक नंबराला टाळी वाजवायची असते असं त्यांना वाटलं, की मनापासून वाजवावीशी वाटली, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. माझं ऐकलेल्या चार जणी माझ्याकडे पाहत होत्या. त्यानंतर मॅडमनी बराच वेळ एकेक किडा समजावून सांगितला म्हणे. मी तिथंच होतो, पण माझ्या सात चिठ्ठ्या कुठे गेल्या असतील याच विचारात असल्यामुळे मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. वर्गात असं बसणाऱ्या पोरांना मी आयुष्यभर बाकावर उभं केलं.

घरी आल्यावर मी निवेदिताला म्हणालो की परीक्षा सदोष होती. राजानंद तेव्हा वर्तमानपत्र परत करायला आले होते. त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

"आदर्श उत्तरपत्रिका दाखवली का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"चिठ्ठ्यांवर पर्यवेक्षकाची सही?"

"नाही."

"सातोनकर, ही बाब तुमची एकट्याची नाही," ते म्हणाले. "हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

माझ्या अनुभवात माणूस तत्त्वाचा प्रश्न म्हणाला की त्याचा अपमान झालेला असतो. पण त्या संध्याकाळी मला ते फार पटलं. राजानंदांनी माहितीच्या अधिकारातला अर्ज सांगितला, मी लिहिला. एक, अर्जदाराच्या दहा चिठ्ठ्यांच्या प्रमाणित प्रती. दोन, मंजूर उत्तरसूची. तीन, परीक्षकाची शैक्षणिक अर्हता. चौथी मागणी माझी स्वतःची, तिच्यावर राजानंदसुद्धा खूश झाले. चाचणीत वापरलेल्या कीटकांची अर्जदारास प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी. दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज तालुक्याला रवाना केला आणि मला बरेच दिवसांनी ताठ चालता आलं.

शेतीशाळेत मी जाणं बंद केलं, शेतात जाणं नाही. माझ्या कपाशीवर त्याच दुष्ट चेहऱ्याच्या अळ्या मला जागोजाग दिसायला लागल्या. थेंबभर औषध मारायचं नाही हा शब्द होता, तेव्हा मी हातानं वेचायच्या ठरवल्या. बाटलीत साबणाचं पाणी, हातात निवेदिताचा भुवयांचा चिमटा, आणि वाकून तासामागून तास. पंधरा दिवसांत सहाशे बारा अळ्या. मी त्यांची तारीखवार नोंद ठेवली. बांधावरून काकासाहेब पाहत असायचे.

"सर, काय वेचून राह्यले?"

"शत्रू," मी म्हणायचो.

काकासाहेब मान हलवून निघून जायचे. मला ते कौतुक वाटायचं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात माझी कपाशी आजारी दिसायला लागली. पानं मुडपली, खालून हिरवट बारीक किड्यांनी भरली, वरून चिकट झाली आणि मग त्या चिकटावर काळी बुरशी धरली. शर्ट झाडाला लागला की डाग पडत होता. तो मावा. बांधापलीकडे काकासाहेबांचं पीक तेलकट हिरवं उभं. त्यांनी फवारलं होतं म्हणावं तर तिकडच्या बांधाला द्वारकाबाईंचं शेत होतं, त्यांनीही थेंब मारला नव्हता आणि तेही हिरवंच. निसर्ग माझ्या एकट्याच्या एकरात समतोल राखायचं विसरला होता.

त्याच आठवड्यात तालुक्याचं उत्तर आलं. दोन पानांचं होतं. चिठ्ठ्या सीलबंद केल्या आहेत. परीक्षकाच्या अर्हतेबाबत वरिष्ठांचं मार्गदर्शन मागवलं आहे. आणि मुद्दा क्रमांक चार: "चाचणीनंतर पिशव्या काढण्यात आल्याने सदर कीटक स्वेच्छेने निघून गेले असून त्यांचा ठावठिकाणा या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही. सबब पाहणी करू देता येत नाही." राजानंदांनी ते तीनदा वाचलं आणि आपण अपिलात जाऊ म्हणाले.

अपिलाच्या आधी गावाला चक्कर मारावी म्हणून मी मंगळवारी गेलो. पारावर बाया बसल्या होत्या, पण मॅडम नव्हत्या, काठ्या नव्हत्या. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नोटीस होती. श्री. सातोनकर यांच्या अर्जाच्या अनुषंगाने प्रकरण निकाली निघेपर्यंत येथील शेतीशाळा स्थगित. माझं नाव असं गावच्या भिंतीवर लागलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"सर, तुमचं काम झालं का?" द्वारकाबाईंनी विचारलं. चिडून नाही. मला वाटलं चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, चौकशी चालू आहे.

"किती दिस चालंल?"

"का हो?"

त्यांनी सांगितलं. बचत गटांच्या संघाला गावात एक शेतीसखी नेमायची होती. शेताशेतांत फिरून किडी ओळखायच्या, बायांना दाखवायच्या, मानधन मिळणार. शिक्षणाची अट नव्हती. लिहिता-वाचता यावं, आणि शेतीशाळा पूर्ण केल्याचा दाखला असावा. नाव सप्टेंबरच्या अखेरीला पाठवायचं. शाळेचे सहा मंगळवार बाकी होते आणि आज त्यातला एक बसून गेला होता.

"माझं नाव धरलंय गटानं," त्या म्हणाल्या. "पर शाळाच बंद पडली मंग दाखला कोन देनार? तुमचं तत्त्वाचं हाय म्हनून राह्यले लोक. आसंल. मला काय त्यातलं समजत न्हाई."

मी पुन्हा भिंतीवरची नोटीस वाचू लागलो. त्याच पुढं म्हणाल्या, "चला, तुमची कपाशी दाखवा. लई वाईट आयकू आलंय."

शेतात गेल्यावर त्यांनी दोन पानं उलटून पाहिली, इकडंतिकडं शोधलं आणि विचारलं, "ढालकिड्याची पिल्लं कुठं गेली तुमची?"

ढालकिडा म्हणजे पाठीवर ठिपक्यांची लाल ढाल असलेला तो छोटा भुंगा, एवढं मला माहीत होतं. मी विचारलं, कुठली पिल्लं. त्यांनी वर्णन केलं. काळी, नारिंगी ठिपक्यांची, काटेरी. चौथ्या काठीवरची. एकेक पिल्लू दिवसाला पन्नासेक मावा खातं. मी खिशातली वही काढून त्यांना दाखवली. सहाशे बारा. चौतीस वर्षांच्या सवयीनं बेरीज खाली लाल शाईनं केलेली होती.

द्वारकाबाई खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. बराच वेळ हसल्या. मला राग यायला हवा होता, पण लाज इतकी आली होती की रागाला जागा नव्हती. मग उठून त्या आपल्या शेतात गेल्या आणि स्टीलच्या डब्यात पंचवीसेक अळ्या घेऊन आल्या. विरजण लावावं तशी झाडाझाडाला एकेक सोडली. जाता जाता म्हणाल्या, "आता चिमटा घरी ठिवा. मी सातवीत तुमच्याकडंच व्हते, सर. माझ्या माहेरच्या शाळेवर आल्ते तुम्ही, तीन वर्षं." मला त्या आठवत नव्हत्या. मी हो हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला जाऊन अर्ज मागे घेतो म्हणून सांगितलं. मला वाटलं लोक चहा पाजतील. माहिती अधिकाऱ्यांनी खुर्ची जवळ ओढून आवाज खाली आणला.

"कोणाचा दबाव आहे का?"

"नाही."

"मॅडमनी काही..."

"नाही हो."

"मग अर्ज मागे कशासाठी?"

"माझं चुकलं म्हणून," मी म्हणालो.

त्यांनी फाईल उघडली, मिटली, पुन्हा उघडली. म्हणाले, हे कारण आमच्याकडे कोणी दिलेलं नाही. आणि असं नुसतं मागे घेतलं तर दबावाची चौकशी लावावी लागेल, तिला तीन महिने. मी हात जोडले. शेवटी त्यांनीच तोड काढली. अर्जदाराने स्वतः लिहून द्यावं की मूल्यमापन बरोबर होतं आणि मिळालेले गुण त्याला मान्य आहेत. ते गावात जाहीर वाचावं आणि हजर असलेल्यांच्या सह्या घ्याव्यात, म्हणजे दबावाचा प्रश्न उरणार नाही.

घरी राजानंद म्हणाले, "तुम्ही लढा अर्ध्यावर टाकताय." निवेदिता म्हणाली, "लिहायला बसा, मी चहा टाकते." मी आयुष्यात प्रश्नपत्रिका काढल्या, निकालपत्रकं लिहिली, शाळा तपासणीचे खुलासे लिहिले. या चार ओळींना मला दोन तास लागले. शुक्रवारी पारावर उभं राहून मी त्या वाचल्या. "मी, विज्ञान विषयाचा निवृत्त शिक्षक, लिहून देतो की मला मिळालेले दहापैकी तीन गुण योग्य आहेत. अळी ओळखण्यात चूक माझी आहे. माझ्या सांगण्यावरून चार जणींचे उत्तर चुकले, त्याचीही जबाबदारी माझी आहे." अकरा जणांनी सह्या-अंगठे केले. काकासाहेबांनी पहिला केला आणि हळूच म्हणाले, "सर, तुमचे तीन तरी आले. आपले दोन व्हते."

मी चमकून पाहिलं. सर्वांत कमी तीन असंच वाचलं होतं.

"म्या मॅडमला सांगितल्तं, माझा आकडा नका वाचू," ते म्हणाले. "मानाची गोष्ट हाय ना, बिलकुल नका वाचू म्हनलं."

अशी तजवीज करता येते हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

शाळा सुरू झाली. बुडालेले मंगळवार मॅडमनी शनिवारी भरून काढले आणि मी एकही चुकवला नाही. माझ्या एकरात पिल्लं वाढली, अर्धी कपाशी सावरली, अर्धी गेली. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अखेरची परीक्षा झाली. या वेळी काठ्या रोवायला आणि डब्यांवर चित्रं काढायला मॅडमनी द्वारकाबाईंना घेतलं होतं, कारण त्यांचं नाव संघाकडे गेलं होतं.

दहावी काठी शेवटच्या ओळीत होती. पानावर मावा, आणि माव्यात मुंग्यांची ये-जा. इथं मुंग्या काय करतात, एवढा प्रश्न. पहिल्या डब्यावर पान कुरतडणारी मुंगी, दुसऱ्यावर मावा खाणारी मुंगी. तिसऱ्यावर द्वारकाबाईंनी काठी घेऊन उभी असलेली मुंगी काढली होती, आणि तिच्यापुढे गुरांसारखा बसलेला मावा. जुलैमध्ये मी पहिला डबा धरला असता. आता मी पाहिलं होतं. मुंगी माव्याला मिशीनं गोंजारते, तो गोड थेंब सोडतो, ती पिते, आणि ढालकिडा आला की त्याला हाकलते. मी चिठ्ठी तिसऱ्या डब्यात टाकली.

मला सात पडले. पारावर टाळ्या झाल्या. मी डबे गोळा करू लागायला शेतात गेलो तेव्हा द्वारकाबाई दहाव्या काठीचा दोरा सोडत होत्या.

"हे बराबर आलं तुमचं," त्या म्हणाल्या. "सातवीत तुम्ही पेपरात इचारल्तं, मुंग्या अन्न कशा मिळवतात. मी लिवलं व्हतं, करडईवर माव्याचं दूध काढत्यात, आन् त्याची राखन करत्यात. आमच्या करडईत रोज बघायची मी. तुम्ही फुली मारली. वरून लाल शाईनं लिवलं, कल्पनाविलास नको."

मी डबा हातात धरून उभा राहिलो.

"कल्पनाविलास म्हंजी काय, ते मला लई वर्षं म्हाईत न्हवतं," त्या म्हणाल्या.

"किती मार्कांचा प्रश्न होता?"

"दोन."

"आणि नापास किती मार्कांनी झालात?"

"एकानं."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नापास झालेल्या पोरीला त्या वेळी घरचे पुन्हा शाळेत घालत नव्हते, हे मला शिक्षक म्हणून माहीत होतं. मला फार वाईट वाटलं. एवढी वर्षं मी फुल्या मारून निवांत घरी येत होतो आणि त्यातली एक इथे येऊन पोचली होती.

जालन्याला आल्यावर मी राजानंदांकडे न जाता स्वतःच अर्ज लिहिला. द्वारकाबाईंच्या माहेरच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना. सन अठ्ठ्याण्णवच्या इयत्ता सातवीच्या विज्ञानाच्या पेपरात एका विद्यार्थिनीचं बरोबर उत्तर परीक्षकाने चूक ठरवलं, सबब दोन गुण वाढवून निकाल दुरुस्त करावा. परीक्षकाचं नाव: मी. उत्तर पंधरा दिवसांत आलं, जे माझ्या माहितीत त्या मुख्याध्यापकांच्या बाबतीत विक्रमी आहे. तत्कालीन उत्तरपत्रिका नियमानुसार नष्ट केल्या असल्याने गुणवाढ करता येत नाही. अर्जाची प्रत दप्तरी दाखल करण्यात येत आहे.

मी दोन्ही कागद घेऊन पिंपळखुट्याला गेलो. द्वारकाबाईंच्या गळ्यात आता संघाचं ओळखपत्र होतं. त्यांनी मुख्याध्यापकांचं उत्तर पाहिलं आणि बाजूला ठेवलं. माझा अर्ज मात्र बोट फिरवत शेवटपर्यंत वाचला.

"म्हंजी गुन न्हाई वाढनार."

"नाही. कागदच राहिले नाहीत."

"पर उत्तर बराबर व्हतं, आसं तुम्ही लिवून दिलंय. सही करून."

"हो."

त्यांनी अर्ज घडी घालून ओळखपत्राच्या प्लास्टिकमध्ये, फोटोच्या मागं सारला. मग म्हणाल्या, "तुरीच्या शाळेला पुढल्या मंगळवारी जल्दी या, सर. काठ्या रोवायला मानूस कमी हाय."